दयाळाचं पोर रंग बदलतंय – फोटोसाठी कोणती लेन्स घेऊ?

परसबाग | १४ जुलै, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवाय.

आम्ही पुण्यात तळमजल्यावर राहतो. मागे दहा बाय बाराचं अंगण आहे. त्यात एक पेरू, कढीपत्ता, हॅमेलियाचं झुडूप आणि सासूबाईंचं अळू. शेजारच्या इमारतीच्या जुन्या पाइपात यंदा दयाळ पक्ष्याने घरटं केलं होतं. जूनमध्ये पिल्लं बाहेर पडली, त्यातलं एक रोज आमच्या अळूत येतं. छाती चट्ट्यापट्ट्यांची, तपकिरी, जणू चहा सांडलाय. आम्ही त्याचं नाव बंड्या ठेवलंय.

गेल्या आठवड्यापासून बंड्याच्या गळ्यावर मध्येच एकदोन काळी पिसं दिसू लागलीत. बापासारखा पूर्ण काळा-पांढरा होईपर्यंत दर आठवड्याला त्याचा फोटो काढायचा विचार आहे. माझ्याकडे कॅननचा क्रॉप सेन्सरवाला (लहान सेन्सरचा) जुना कॅमेरा आणि ५५-२५० मिमी झूम लेन्स आहे. फोटो येतात, पण पिसं स्पष्ट येत नाहीत. जास्त लांबचं ओढणारी १५०-६०० मिमी घ्यावी का? बजेट ताणून साठ हजार, तेही सेकंडहँड. की ब्रिज कॅमेरा (न बदलणाऱ्या मोठ्या झूमचा) घेऊ? स्वयंपाकघराच्या दारातून पेरूची खालची फांदी मोजून सव्वादोन मीटरवर आहे.

टेलिफोटो तात्या | १४ जुलै, रात्री १०.१५

ताई, थांबा, पैसे काढू नका. त्या सव्वादोन मीटरनेच तुमचं उत्तर दिलंय.

सिग्माची नेहमीची १५०-६०० लेन्स २.८ मीटरच्या आत आणि टॅमरॉनची पहिली आवृत्ती २.७ मीटरच्या आत फोकसच करत नाही. तुमचा बंड्या फांदीवर येऊन बसेल आणि लेन्स नुसती घरघर करत पुढेमागे होत राहील. वर जवळजवळ दोन किलोचं वजन. स्वयंपाकघराच्या दारात ती हातात धरून किती वेळ उभ्या राहणार? कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतच.

५५-२५० मीटर-सव्वा मीटरवरही फोकस करते. दयाळ बुलबुलाएवढा पक्षी. सव्वादोन मीटरवर २५० ला तो चौकटीत छान मोठा येतो. पिसं स्पष्ट येत नाहीत त्याचं कारण लेन्स नसून शटरचा वेग असणार. एखादा फोटो कोणत्या सेटिंगवर काढलाय ते टाका.

परसबाग | १५ जुलै, सकाळी ८.०५

तात्या, सगळं ऑटोवर! कालचा फोटो शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, आणि फ्लॅश आपोआप उघडला होता.

टेलिफोटो तात्या | १५ जुलै, सकाळी ८.३०

हां, मग झालं तर. फ्लॅश आधी बंद करा. पक्ष्याला त्रास होतो तो होतोच, शिवाय दयाळाच्या काळ्या पिसांवर निळसर चमक असते, फ्लॅशने तिचा पांढरा डाग होतो.

मॅन्युअल मोड, शटर १/६४० सेकंदापेक्षा संथ नाही, छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा ३२००. जुन्या कॅमेऱ्यात दाणे दिसतील, दिसू देत. दाण्यातून पीस दिसतं, हललेल्या फोटोत काहीच दिसत नाही. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) मध्ये काढा. आणि अंग झटकताना टिपायचा असेल तर १/१६०० लागतं, ते जुलैच्या उजेडात विसरा, ऊन पडेल त्या दिवशी बघू.

निवांत | १५ जुलै, सकाळी ११.२०

मस्त धागा. वाचनखूण साठवली. आमच्याकडे फक्त कबुतरं. :(

रानमोडी | १५ जुलै, दुपारी २.५०

तात्यांना अनुमोदन. मी पक्ष्यांच्या बाजूने थोडं लिहिते.

पिल्लाची पहिली पिसं घरट्यात घाईघाईत, सगळी एकदम फुटलेली असतात. पंधरा दिवसांत बाहेर पडायचं असतं ना. म्हणून ती विरळ, मऊ, जरा लोकरीसारखी दिसतात. ती फार टिकत नाहीत. उडायला लागल्यावर काही आठवड्यांतच डोक्याची, छातीची, पाठीची पिसं झडून मोठ्यांसारखी येऊ लागतात. पण पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं साधारण पहिलं वर्षभर तीच राहतात. म्हणून फक्त छातीचे फोटो काढू नका. दर वेळी मिटलेला पंख बाजूने घ्या. पंखावरच्या आखूड पिसांच्या टोकांना तांबूस ठिपके आहेत का ते बघा. छाती मोठ्यांसारखी झाली तरी ते ठिपके उरतात, आणि पक्षी पहिल्या वर्षाचा आहे हे त्यावरून कळतं. चोचीच्या कोपऱ्यातली पिवळट कड कधी जाते तेही टिपा.

एक प्रश्न मात्र विचारते, रागावू नका. बंड्या नर आहे हे कशावरून?

परसबाग | १५ जुलै, दुपारी ४.१०

अहो, काळी पिसं आलीत ना गळ्यावर. मादी तर राखाडी असते.

रानमोडी | १५ जुलै, सायंकाळी ५.००

तेच म्हणतेय. १/१२५ वर, अळूच्या सावलीत, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पाटीच्या दगडासारखा राखाडीही काळाच दिसतो. थांबून बघा.

देवरुखकर | १५ जुलै, रात्री ९.३०

लेन्सपेक्षा आधी डबा घ्या असं मी म्हणेन. पावसाळ्यात रोज कॅमेरा बाहेर काढून ओलसर तसाच कपाटात ठेवलात तर गणपतीपर्यंत काचेच्या आत बुरशीची जाळी धरते. आमच्या कोकणात दोन लेन्स अशाच गेल्या, त्यातली एक उधारीची होती. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि दोनशे-अडीचशेचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरायचं. (पोळ्यांच्या तव्यावर नको, घरात भांडण होतं.)

बेडूकउडी | १६ जुलै, सकाळी ७.१५

पाइपात दुसरी वीण बसली असेल तर मोबाईलचा टॉर्च लावून आतले फोटो पण मस्त येतील. तोंडाशी गवत असेल ते जरा बाजूला करायचं.

रानमोडी | १६ जुलै, सकाळी ७.४०

नाही हो, असं कृपा करून कुणी करू नका. आडोसा काढला की घरटं कावळ्या-मांजरांना दिसतं, आणि घाबरलेली पिल्लं वेळेआधीच बाहेर उडी मारतात. परसबाग ताईंचं पिल्लू बाहेर येऊन स्वतः फिरतंय, म्हणून हा विषय चांगला आहे. मोबाईलवरून दयाळाची शीळ वाजवून बोलावणंही नको. दयाळ आपल्या हद्दीबाबत तापट असतो, बाप धावून येईल आणि पोरालाच हाकलेल.

बेडूकउडी | १६ जुलै, सकाळी ७.५५

माहीत नव्हतं. सूचना मागे घेतो.

टेलिफोटो तात्या | १६ जुलै, सकाळी ९.१०

ताई, आता बसायची व्यवस्था. दारात उभं राहू नका. दाराला जुनी गडद चादर लावा, लेन्सपुरतं भोक ठेवा, आत दिवा बंद. काचेतून काढायचं असेल तर लेन्सचं हूड (पुढची कडी) काचेला टेकवा, म्हणजे प्रतिबिंब येत नाही. चार दिवस नुसतीच चादर राहू द्या, पक्ष्याला सवय होते.

अळूच्या शेजारी कुंडीत एक वाळकी फांदी खोचा, अंगठ्याएवढ्या जाडीची, साल असलेली. दयाळाला जमिनीवर किडा दिसला की खाली झेपावून परत वर येऊन बसायची सवय असते. त्या फांदीवर तो बसला की तुमचं अंतर, मागची भिंत, उजेडाची दिशा, सगळं दर आठवड्याला तेच राहील. उथळ परातीत पाणी ठेवा, दोन बोटं खोल, रोज धुवून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पांढऱ्या रंगाचं गणित. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरं कशाला धरतो ते) ऑटोवर ठेवलात तर एका आठवड्यात बंड्या हिरवट, दुसऱ्यात निळसर दिसेल, आणि तुम्हाला वाटेल पिसंच बदलली. ‘ढगाळ’वर कायम ठेवा. दर बैठकीला पहिला फोटो त्या फांदीवर टेकवलेल्या ग्रे कार्डाचा (रंग जुळवायचं ठरावीक राखाडी कार्ड). मग संगणकावर सगळे फोटो एका रेषेत आणता येतात. एक्स्पोजर पोटाच्या पांढऱ्या पिसांवर बघा. पांढरं फुटलं नाही आणि मळकंही झालं नाही, की बाकीचे रंग खरे आले समजा.

देवरुखकर | १६ जुलै, सकाळी ९.४५

तात्या, हे शेवटचं सोन्यासारखं. मी वर्षभर शिपाई बुलबुलाची पिल्लं काढली आणि सगळी वेगवेगळ्या रंगाची. पिल्लाच्या गालावर लाल ठिपका नसतो, बुडाखाली लाल नसून फिकट नारिंगी असतं. ते लाल नक्की कधी झालं हे मला माझ्याच फोटोंवरून सांगता येत नाही.

सोनचाफा | २ ऑगस्ट, दुपारी १२.३०

धागा वर काढतेय. आमच्या खिडकीत जांभळा शिंजीर येतो, पोट पिवळं आणि गळ्यापासून खाली काळा पट्टा. हे पण तरुण पोरच ना? याची पण मालिका करावी म्हणते.

रानमोडी | २ ऑगस्ट, दुपारी ३.१५

इथे जरा जपून. जांभळ्या शिंजिराचा मोठा नरही विणीचा हंगाम संपला की तो चमकदार वेष उतरवतो आणि काही महिने मादीसारखा पिवळा दिसतो, गळ्यावरून पोटापर्यंत फक्त काळा पट्टा राहतो. म्हणजे तुमचं ‘पोर’ चार पोरांचा बाप असू शकतं. पंख बघा. काळेभोर असतील आणि खांद्यावर निळी चमक असेल तर बहुधा मोठा नर. पंख तपकिरी आणि पट्ट्याऐवजी इकडेतिकडे ठिगळं असतील तर तरुण असण्याची शक्यता जास्त. तरी मालिका कराच. हिवाळ्याच्या पुढेमागे तो परत जांभळा होताना बघायला मिळेल.

आणि ही चमक रंगद्रव्याची नसते, पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते. सूर्य तुमच्या पाठीशी हवा, नाहीतर तोच पक्षी कोळशाचा तुकडा दिसेल.

सोनचाफा | २ ऑगस्ट, दुपारी ३.४०

बाप!! खांद्यावर चमक आहे. :D

निवांत | ६ ऑगस्ट, सकाळी १०.००

कबुतरांच्या पलीकडची बातमी: आमच्या आंब्यावर कावळा एका काळ्या, पांढरे ठिपके असलेल्या पिल्लाला भरवतोय. कोकिळा ना?

रानमोडी | ६ ऑगस्ट, सकाळी १०.२५

हो! भाग्यवान आहात. चोच काळी आहे का बघा, मोठ्या नराची फिकट हिरवट असते. नर निघालं तर ठिपके जाऊन सगळं काळं होईल आणि डोळा लालभडक. मात्र ते तुमच्याकडे तेवढे दिवस थांबेल याची खात्री नाही, मिळेल तो दिवस पकडा.

परसबाग | २३ ऑगस्ट, रात्री ८.५०

अहवाल देते.

सहा बैठका झाल्या. ग्रे कार्डाला पैसे घालवले नाहीत, माझ्या भावाकडे स्टुडिओतलं जुनं पडलं होतं. चादरीवरून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “घरी कुणाला कांजिण्या झाल्यात का?” लेन्सचं भोक त्यांच्या गॅलरीच्या दिशेने नाही हे दोन सोसायटी सदस्यांना फोटो दाखवून पटवावं लागलं.

बंड्या वाळक्या फांदीवर पहिल्या चार दिवसांत आलाच नाही. पाचव्या दिवशी अळूला पाणी घातल्यावर गांडुळं वर आली आणि साहेब फांदीवर हजर. त्यानंतर साधारण सकाळी सव्वासात ते पावणेआठ, एखाद्या ऑफिसासारखं.

जुलैत छाती चट्टेदार होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गळ्यावर आणि छातीच्या कडांना नव्या पिसांची ठिगळं, मध्ये जुनी तपकिरी, आणि कपाळावर चक्क बारीक नळ्या, आवरणातून अर्धवट बाहेर आलेली पिसं. इतका गबाळा दिसत होता की सासूबाई म्हणाल्या, याला काहीतरी रोग झालाय. काल सगळी छाती एकसंध झाली. पंखांवर मात्र तांबूस ठिपके अजून आहेत, रानमोडी ताई म्हणाल्या तसे.

आणि आता मुख्य गोष्ट. सगळे फोटो ग्रे कार्डावरून एका रेषेत आणले. मग त्याच फांदीवर बाप बसलेला एक फोटो शेजारी लावला. बाप काळा. बंड्या काळा नाही. स्वच्छ पाटीसारखा राखाडी. जुलैतल्या माझ्या फोटोत जी काळी पिसं होती ती अंधारात काढल्यामुळे काळी होती.

बंड्याची बनी झाली आहे. घरात अजून कुणाच्या तोंडी बसत नाही.

रानमोडी | २३ ऑगस्ट, रात्री ९.०५

अहाहा! अभिनंदन, मुलगी झाली! हे फोटो ई-बर्डच्या (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) यादीला जोडा. फोटोवर वय आणि लिंग लिहायची सोय आहे तिथे. ठिगळं असलेले गबाळे फोटो आधी टाका, देखणे दयाळ तिथे पैशाला पासरी आहेत.

टेलिफोटो तात्या | २३ ऑगस्ट, रात्री ९.३०

ताई, लेन्सचं काय ठरलं?

परसबाग | २३ ऑगस्ट, रात्री ९.४५

घेतली नाही. साठ हजारांतले सोळाशे खर्च झाले, डबा, जेल आणि आर्द्रतामापकावर. काटा ४६ वर आहे, देवरुखकर.

परसबाग | ११ सप्टेंबर, सकाळी ८.२०

बनी सहा दिवस आली नाही. बाप येतो, फांदीवर बसतो, शेपटी वर करून ओरडतो. त्यानेच हाकललं असावं. शेवटचा फोटो ५ तारखेचा, पाठमोरा, पावसाने भिजलेला, फोकस शेपटीवर. तोही काढून टाकलेला नाही.

फांदी तशीच ठेवलीय. काल त्यावर तांबट पक्षी बसला होता, कपाळावर लाल नसलेला, म्हणजे पोरच.

टेलिफोटो तात्या | ११ सप्टेंबर, सकाळी ८.३५

कार्ड लावलंत का?

परसबाग | ११ सप्टेंबर, सकाळी ८.३६

आधी.