मदत हवी आहे: मराठी अक्षरं न तोडणारं, एकट्या नवशिक्याला झेपणारं गेम इंजिन कोणतं?

नमस्कार मंडळी,

इथे कुणी स्वतः गेम बनवला असेल किंवा निदान अर्ध्यापर्यंत नेला असेल, तर मला इंजिन (गेम ज्यात बनवतात ते सॉफ्टवेअर) निवडायला मदत हवी आहे. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे माझी गरज काय आहे ते नीट कळेल.

मी पंचवटीत राहतो, अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. डिप्लोमाला सी शिकलो होतो, त्याला बारा-तेरा वर्षं झाली. हल्ली प्रोग्रामिंगच्या नावाखाली एक्सेलचे मॅक्रो लिहितो तेवढंच. लॅपटॉप आय थ्री, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. फर्स्ट शिफ्ट असली की रात्री नऊ ते साडेदहा वेळ मिळतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात काहीच होत नाही. गेम विकायचा नाही. माझी मुलगी तिसरीत, मराठी शाळेत आहे. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी तो मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये खेळावा एवढीच इच्छा आहे.

गेम असा आहे. गोदेला पूर आला की आपण नाशिककर धरणातून किती क्युसेक सोडलं ते ऐकतो, पण खरं माप असतं दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती. पाणी पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, की त्यावरून काठावरचे दुकानदार काय हलवायचं ते ठरवतात. माझ्या मामांचं भांडीबाजारात छोटं दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळ्यांनी साखळी करून तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळी, परातींच्या चळती माळ्यावर चढवल्या होत्या. मोठं भांडं आधी घ्यावं की महाग भांडं आधी, यावर मामा आणि मामी तशाही घाईत वाद घालत होते. तेच मला गेममध्ये आणायचं आहे. पाणी पाय, गुडघा, कंबर, छाती, मान असं चढत जाणार, तेच पाच टप्पे. खेळणाऱ्यानं पाणी यायच्या आत काय वाचवायचं ते ठरवायचं. टूडी, एकच पडदा, साधी चित्रं. मधूनमधून भोंग्यावरून सूचना येणार आणि त्या पडद्यावर मराठीत उमटणार.

अडलं ते इथेच. मागच्या दिवाळीत एका इंजिनावर सुरुवात केली (नाव घेत नाही, चूक माझ्या सेटिंगचीही असू शकते). काही जीबी डाउनलोड झालं, लॅपटॉपचा पंखा सतत घुमायला लागला, तरी तीन आठवड्यांत माणूस चालायला, उडी मारायला लागला. मग पहिली सूचना टाकली: "गंगापूर धरणातून विसर्ग सुरू". पडद्यावर "विसर्ग"चं "वसिर्‌ग" झालं. पहिली वेलांटी व च्या आधी यायची ती व आणि स च्या मध्ये जाऊन बसली, आणि ग वरचा रफार खाली उतरून पाय मोडलेला र झाला. फाँट तीन वेळा बदलला, तरी तसंच. मुलगी शेजारी बसली होती. तिनं बोट ठेवून "व-सि-र-ग" वाचलं आणि विचारलं, "बाबा, हा कुठला शब्द?" आत्ता कुठे ती जोडाक्षरं न अडखळता वाचायला लागली आहे. तिच्यासमोर मी मोडलेली अक्षरं ठेवणार नाही. त्या दिवशी काम थांबवलं ते थांबलंच.

नंतर वाचून कारण समजलं. फाँटच्या फाइलमध्ये जोडाक्षराचे आकार असतात, पण कोणत्या अक्षरांपुढे कोणता आकार वापरायचा आणि वेलांटी उचलून आधी कुठे ठेवायची, हे करणारा वेगळा भाग प्रोग्राममध्ये असावा लागतो. हार्फबझ ही त्यासाठीची मुक्त लायब्ररी आहे. ती किंवा तसं काही इंजिनात नसेल तर कितीही चांगला फाँट टाका, अक्षरं सुटीच राहतात. इंग्रजीला याची फारशी गरज पडत नाही, म्हणून "नवशिक्यांसाठी सर्वोत्तम इंजिन" अशा लेखांत याचा उल्लेखच नसतो. आपल्यासाठी मात्र माझ्या मते हाच पहिला प्रश्न असायला हवा.

आता मी काय काय बघितलं ते सांगतो.

अनरिअल सोडून दिलं. ब्लूप्रिंटमुळे कोड न लिहिताही काम होतं आणि दहा लाख डॉलर कमाईपर्यंत रॉयल्टी नाही, पण माझा लॅपटॉप ते पेलणार नाही. युनिटीत सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा आहे, शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत, छोट्या माणसाला फुकट आहे. पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि वर्षभरानं मागे घेतलं, ते वाचल्यापासून मन घट्ट होत नाही. माझ्या गेमला त्यातून एक रुपयाही लागला नसता हे समजतं. तरीही ज्याच्यावर दोन वर्षं रात्री घालवायच्या त्याचे नियम मध्येच बदलू नयेत असं वाटतं. गेममेकर बिनव्यावसायिक कामाला २०२३ पासून मोफत आहे, ते मी अजून उघडलेलं नाही.

राहिली दोन. एक जीडेव्हलप. कोड नाही, "असं झालं तर तसं कर" अशा ओळी मांडायच्या, आणि गेम ब्राउझरच्या तंत्रावर चालत असल्यामुळे साधा मजकूर ब्राउझरच मांडतो, म्हणजे मराठी नीट दिसायला हवं. दुसरं गोडो. एमआयटी परवाना, पूर्ण मोफत, २०१४ पासून मुक्त स्रोत, डाउनलोड १०० एमबीच्या आसपास, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. त्याची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्ट, पायथन भाषेसारखी दिसते. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ आहे, असं वाचलं.

मला विचारायचं ते हे: थेट गोडोवर जावं, की आधी महिनाभर जीडेव्हलपवर गेम उभा करून बघावा? गोडो ४ मध्ये मराठी मजकूर कुणी प्रत्यक्ष वापरला आहे का, की कागदावरच नीट आहे? आणि माझ्या लॅपटॉपवर ते चालेल का? कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये चौकशी केली होती. तिथे हजारोंत फी सांगितली आणि मराठीचं विचारल्यावर "गेम इंग्रजीतच करा" असं उत्तर मिळालं. म्हणून इथे आलो.

प्रतिसाद

दादा, मी नाशिकरोडची. नोकरी सांभाळून चौथ्या गोडोवर मुलांचे छोटे गेम करते, त्यामुळे अनुभवावरून सांगते. थेट गोडोवर या. जीडेव्हलप वाईट नाही, तुमची पाच टप्प्यांची कल्पना त्यात शनिवार-रविवारात उभी राहील. पण तुम्ही सी शिकलेले आहात, मॅक्रो लिहिता. महिन्याभरात तुम्हाला कोडच हवासा वाटेल आणि मग सगळं परत करावं लागेल.

प्रोजेक्ट तयार करताना रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) कोणता ते विचारतो, तिथे "कंपॅटिबिलिटी" घ्या. तो ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स तंत्रावर चालतो, जुन्या लॅपटॉपला झेपतो, आणि ब्राउझरसाठी गेम काढायचा तर तोच लागतो. सी शार्पचा मोह धरू नका, चौथ्या आवृत्तीत सी शार्पचा प्रोजेक्ट वेबसाठी काढता येत नाही. जीडीस्क्रिप्टच घ्या.

मराठी प्रत्यक्षात नीट दिसतं. दोन ठिकाणी मात्र मी फसले होते. पहिलं, गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. तुमच्या लॅपटॉपवर ते विंडोजमधला फाँट उसना घेतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. ब्राउझरमध्ये उसना घ्यायला काही नसतं, तिथे नुसते चौकोन येतात. तेव्हा पहिल्याच दिवशी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी प्रोजेक्टमध्ये टाका. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, गेमसोबत देता येतात. दुसरं, सूचना एकेक अक्षर उमटत जावी असं करायचं असेल तर लेबलमध्ये (मजकूर दाखवणारा घटक) "व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेव्हिअर" नावाची सेटिंग आहे. मुळात ती जोडाक्षरं जुळण्याच्या आधीचे सुटे वर्ण मोजते. मग "स्त्री" उमटताना आधी स, मग पाय मोडलेला स्, मग स्त असं लुकलुकत जातं. ती बदलून जोडाक्षरं जुळल्यानंतरची करा, पूर्ण अक्षर एकदम येतं.

व्हिडिओ बघताना आवृत्ती तपासा. त्यात "कायनेमॅटिकबॉडी टूडी" दिसलं की तो तिसऱ्या आवृत्तीचा आहे असं समजून बंद करा, चौथ्यात त्याचं नाव "कॅरॅक्टरबॉडी टूडी" झालं आहे. तिसऱ्या आवृत्तीत मराठी अक्षरं तुटतात, त्यामुळे जुनी आवृत्ती हलकी म्हणून तिच्याकडे वळू नका. अधिकृत दस्तऐवजात पहिला टूडी गेम पायरीपायरीनं दिला आहे, तो एकदा जसाच्या तसा करा आणि मगच तुमचा सुरू करा.

धागाकर्ता, नऊ दिवसांनी

ताई, मनापासून आभार. तुम्ही सांगितलं त्याच क्रमानं गेलो. कंपॅटिबिलिटी घेतल्यावर लॅपटॉप अगदी शांत चालतो. दस्तऐवजातला गेम चार रात्रींत झाला, सिग्नल (काही घडलं की एक घटक दुसऱ्याला देतो ती वर्दी) म्हणजे काय हे समजायला त्यातली दीड रात्र गेली. मग आपला प्रोजेक्ट उघडला, मुक्ता फाँट टाकला, लेबल घेतलं आणि आधी तोच शब्द लिहिला. विसर्ग. वेलांटी जागेवर, रफार ग च्या डोक्यावर. त्याखाली त्र्यंबक, ब्रह्मगिरी, स्त्री, दुतोंड्या असे सापडतील ते शब्द लिहून बघितले. एकही मोडला नाही. मुलगी झोपली होती, सकाळी तिला दाखवलं. तिनं सगळे वाचले आणि "आता बरोबर आहे" म्हणाली.

पाणीही चढायला लागलं आहे. आधी ते खालीच जात होतं, कारण गोडोत टूडीचा वाय अक्ष खालच्या दिशेनं वाढतो. आकडा वाढवण्याऐवजी कमी केला तेव्हा मारुतीच्या कमरेपर्यंत आलं.

आता एक प्रश्न राहिला आहे, कुणी केलं असेल तर सांगा. जी भांडी माळ्यावर गेली नाहीत त्यातला रिकामा हंडा पाण्यावर तरंगायला हवा आणि भरलेला तळाशी जायला हवा. पुरात आम्ही हे डोळ्यांनी बघितलं आहे. रिकामा हंडा कलंडून गोल फिरत दारातून बाहेर जातो. "रिजिडबॉडी टूडी" (वजन, धक्का समजणारी वस्तू) घेतली, पण तरंगण्याची तयार सोय त्यात दिसत नाही. पाण्याला "एरिया टूडी" (आत काय शिरलं ते ओळखणारा भाग) करून आत आलेल्या हंड्याला वरच्या दिशेनं बल द्यायचं, हा मार्ग बरोबर आहे का? आणि हंडा जितका बुडालेला तितकं बल जास्त, हे कशावरून मोजायचं?