मदत हवी आहे: जुना छोटा ट्रॅक्टर, सेल्फ फिरतोय पण इंजिन चालू होत नाही

बागायतदार_सावळज
नमस्कार मंडळी. वडिलांनी घेतलेला छोटा मित्सुबिशी आहे, मोठा ट्रॅक्टर आल्यापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होता. आता घरीच दुरुस्तीला काढलाय. बॅटरी नवीन टाकली, टाकी काढून धुतली, डिझेल फिल्टर बदलला, ऑइल बदललं, सेल्फ खणखणीत फिरतोय पण इंजिन काय चालू व्हायचं नाव घेत नाही. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, जुन्या बागेत दोन ओळींत नऊ फूट अंतर आणि मांडव खाली, तिथं मोठा ट्रॅक्टर शिरतच नाही, आणि छाटणीनंतर फवारणीच्या दिवसांत भाड्यानं छोटा ट्रॅक्टर मिळायचं विसरा, सगळ्यांना एकाच वेळी लागतो. कुणाला अनुभव असेल तर काय बघायचं ते लवकर सांगा.

डिझेलवाला_मिरज
मॉडेल कोणतं? सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतोय का, येत असेल तर रंग कोणता? हवा काढली का? पडून राहायच्या आधी नीट चालत होता का? एवढं सांगितल्याशिवाय कुणी काही सांगू शकत नाही.

वाळवेकर
हवा आहे ओ दादा, दुसरं काही नाही. टाकी काढली म्हणजे सगळ्या लाईनीत हवा शिरणारच. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे बंद होऊन नुसतं डिझेल यायला लागलं की आवळा, मग पंपावरचा स्क्रू, आणि शेवटी नोझलकडचे तिन्ही नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा. आमच्या पॉवर टिलरला दरवर्षी हेच होतं, दरवर्षी हेच करतो.

बागायतदार_सावळज
एमटी १८०डी, तीन सिलिंडर, १८.५ एचपी. हवा काढलीय, तिन्ही नटांतनं डिझेल येतंय. धूर येतोय. आधी चालत होता.

डिझेलवाला_मिरज
रंग, दादा, रंग.

बागायतदार_सावळज
पांढरा. भरपूर. शेडमध्ये उभं राहवत नाही, डोळे चुरचुरतात.

कोरेगावकर
एअर क्लीनरचा पाईप काढून पेट्रोलचा बोळा धरा आणि सेल्फ मारा, धाडकन चालू होतंय. नाहीतर दुकानात स्टार्टिंग स्प्रे मिळतो, तो मारा. एकदा गरम झालं की पुढं आपोआप चालतं.

शिवारातली
कोरेगावकर दादा, असलं कुणाला सांगू नका. या इंजिनाला हीटर प्लग आहेत, चालू करताना सिलिंडर आतून तापवणारे. प्लग लाल झालेला असताना आत स्प्रे किंवा पेट्रोलची वाफ गेली तर पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडतो, पिस्टन फुटू शकतो, रॉड वाकू शकतो आणि तोंड समोर असेल तर तोंडही भाजतं.
सावळजकर, पांढरा धूर आणि डोळे चुरचुरणं म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये, वाळवेकरांची हवा इथं नाही. आधी हीटर प्लग बघा. तिन्ही प्लगना जोडणारी पट्टी असते ती काढा, मग एकेक प्लग मल्टिमीटरवर तपासा. चांगला असेल तर अगदी कमी ओहम दाखवतो, मेलेला असेल तर काहीच दाखवत नाही. मीटर नसेल तर प्लग बाहेर काढा, पकडीत बॉडी धरून बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा, टोकाला पॉझिटिव्हची वायर लावा, काही सेकंदांत टोक लाल व्हायला पाहिजे. पट्टी न काढता मोजलंत तर तिन्हींचं मिळून एकच रीडिंग येतं आणि फसायला होतं.

कोरेगावकर
आम्ही वर्षानुवर्षं बोळा धरतोय, काही झालेलं नाही.

डिझेलवाला_मिरज
तुमचं इंजिन हीटर प्लगवालं आहे का डायरेक्ट इंजेक्शनचं, तेवढं आधी सांगा. दोन्ही एकाच मापानं मोजू नका. ताई बरोबर बोलतायत.

पाटील_विटा
कशाला जुन्याच्या नादाला लागताय? सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा, ट्रॅक्टरला अनुदान आहे, नवीन छोटा फोरव्हील ड्राइव्ह घ्या. जुन्यात घातलेला पैसा परत येत नाही. लॉटरीत नंबर लागला की झालं.

माळावरचा_शेतकरी
लॉटरी आता नाही पाटील, २०२५ पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्राधान्य आहे. आणि फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढलाय का ते आधी बघा, त्याच्याशिवाय पुढं जात नाही. पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही, आमच्या गावात एकानं घाईनं बिल केलं आणि नुसता हेलपाटा पडला.

बागायतदार_सावळज
नवीन घ्यायचा नाहीये. हाच चालू करायचाय. या ट्रॅक्टरवर वडिलांनी बाग उभी केली, फवारणीचा ब्लोअर यानंच ओढला, बेदाण्याचे क्रेट शेडपर्यंत यानंच नेले. इंजिनाचं बोला.
हीटर प्लग तपासले. एक पूर्ण मेलाय, एक लाल होतोय पण लई उशिरा. तिन्ही नवीन टाकले. आता एखादा सिलिंडर मध्येच फट्‌ करतो आणि परत बंद. धूर तसाच.

यंत्रवेडा_कराड
मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला हवेचा दाब, कमी असणार. इतकी वर्षं उभं इंजिन म्हणजे पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असणार. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत ट्राय करा, फरक पडला तर रिंगा आहेत, नाही पडला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. चमचाभरच, जास्त ओतलं तर पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही आणि रॉड वाकतो. गेज लावायचा तर डिझेलचाच लावा, पेट्रोल गाडीचा गेज एवढा दाब घेत नाही. माझ्या मते सरळ इंजिन उतरवा, रिंगा, लायनर, बेअरिंग सगळं करून टाका, पुढची वीस वर्षं बघायला नको.

वाळवेकर
कराडकरांना कुठलंही इंजिन दिसलं की उतरवायचंच असतं. छाटणी तोंडावर आलीय माणसाची.

यंत्रवेडा_कराड
अर्धवट काम करून बागेत मधेच बंद पडलं तर? फवारणीचं मिश्रण टाकीत तसंच राहिलं आणि रात्री पाऊस झाला, सकाळी पानांवर डाऊनी रोग दिसला, तर कुणाला विचारायचं? एकदाच नीट करा हे माझं प्रामाणिक मत आहे.

जुनं_ते_लोखंड
रंगाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. आधी केरोसीनने ग्रीस काढा, मग वायर ब्रश, मग रेड ऑक्साइड प्रायमर, तो पूर्ण वाळू द्या, मग ऑटो पेंटचे दोन हात. चाकाच्या रिमला आतून मारायला विसरू नका, गंज तिथूनच धरतो. बॉनेटवरचं नाव उमटलेलं असेल तर घासायच्या आधी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. आणि आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, बघा, पंधरा वर्षं झाली असतील तर आरटीओत नूतनीकरण करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं.

डिझेलवाला_मिरज
सावळजकर, एक विचारतो, नीट आठवून सांगा. उभा करायच्या आधी किंवा आता काढल्यावर, डिझेल पंपाला कुणी हात लावलाय का?

बागायतदार_सावळज
पंप मागच्या महिन्यात कॅलिब्रेशन करून आणला, त्याचा काही प्रॉब्लेम नाही, टेस्ट बेंचवर मी स्वतः उभा होतो. गावातल्या मिस्त्रीनं परत बसवला. बसवताना पंपाखालून ऑइल गळत होतं म्हणून त्यानं पॅकिंग शीट कापून घातली, शेलॅक लावून, आता थेंबही गळत नाही.

डिझेलवाला_मिरज
हे पहिल्या दिवशी पाहिजे होतं. पंपाखाली पातळ पत्र्याच्या शिमा असतात, त्या मिस्त्रीनं तशाच ठेवून वर पॅकिंग घातलं की काढून टाकल्या?

बागायतदार_सावळज
शिमा आहेत तशाच आहेत, त्याच्यावर पॅकिंग. एक मिलिमीटर तरी जाड असेल.

डिझेलवाला_मिरज
सापडलं. त्या शिमा गळती थांबवायला नसतात, टायमिंग त्यांच्यावर असतं. पंप खालच्या कॅमवर चालतो. पंप जेवढा वर उचलला जातो तेवढा प्लंजर, म्हणजे पंपातला दट्ट्या, उशिरा दाब धरतो, म्हणजे डिझेल उशिरा सुटतं. शिमेत एक दशांश मिलिमीटरचा फरक पडला तरी टायमिंग साधारण एक अंश सरकतं, तुम्ही तर अख्खं एक मिलिमीटर वाढवलंय. पिस्टन वर येऊन खाली निघाल्यावर तुमचं डिझेल आत पडतंय, ते पेटणार कसं, पांढरा धूर होऊनच बाहेर येणार. पॅकिंग काढा, दोन्ही बाजूचं शेलॅक नखानं किंवा लाकडी पट्टीनं खरवडून काढा, पत्रीनं ओरखडू नका. जुन्या होत्या तेवढ्याच शिमा परत घाला आणि गळतीसाठी शिमांना दोन्हीकडून पातळ लिक्विड गॅसकेट लावा.
आता महत्त्वाचं. पंप बसवताना त्याच्या रॅकची (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या पट्टीची) पिन गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) लिव्हरमध्ये बसलीय का ते झाकण उघडून डोळ्यांनी बघा. पिन बाहेर राहिली तर इंजिन चालू होताच सुसाट सुटतं आणि स्टॉपचा दोरा ओढूनही थांबत नाही. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाईप काढून ठेवा आणि हातात सपाट फळी धरून माणूस उभा करा, सुटलं तर फळीनं हवेचं तोंड बंद करायचं. हाताचा पंजा लावायचा नाही.

शिवारातली
आणि नोझलचा पाईप ढिला करून बघताना बोट समोर धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पण आत हात सडतो. असं झालं तर घरी बसून वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला मोठ्या दवाखान्यात जायचं.

कोरेगावकर
इंजिनाचं ज्ञान आमच्या साताऱ्याकडूनच शिकावं. कूपरची इंजिनं साताऱ्यात बनायची, आमच्या विहिरीवर आजोबांनी बसवलेलं होतं.

किर्लोस्करवाडीचा
कोरेगावकर, आमची किर्लोस्करवाडी १९१० ची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर निवडुंग काढून कारखाना उभा केला, लोखंडी नांगर तर त्याच्याही आधीचा. माझे वडील तिथं फाउंड्रीत होते. कास्टिंगला नुसतं नखानं वाजवून चीर ओळखायचे.

कोरेगावकर
मान्य, पण धनजीशा कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणायचे. साताऱ्याचा कारखानदार त्या खुर्चीवर बसला, हे लोकांना माहीतच नसतं.

माळावरचा_शेतकरी
दोन्हीकडचे थोर आहेत, पण धागा सावळजच्या ट्रॅक्टरचा आहे.

बागायतदार_सावळज
मंडळी, चालू झाला!! पॅकिंग काढलं, शिमा स्वच्छ करून तेवढ्याच घातल्या. पिन खरंच लिव्हरच्या बाहेर होती, झाकण उघडलं म्हणून दिसली, डिझेलवाले काका तुम्ही सांगितलं नसतं तर आज काय झालं असतं देव जाणे. पोरगं फळी धरून उभं होतं पण लागली नाही. हीटर दिला, सेल्फ मारला, दोन ठोके चुकले आणि तिसऱ्याला धरलं. थोडा वेळ पांढरा धूर, मग साफ. वडील ओट्यावर बसले होते ते उठून शेडपाशी आले आणि आधी ऑइलचा दिवा विझलाय का ते बघितलं, मग पाण्याच्या पाईपला हात लावून बघितला, मग म्हणाले रेस कमी कर. ताई, तुमचेही मनापासून आभार.
आता नवीनच. मागचं हायड्रॉलिक उचलत नाही. ब्लोअर बाजूला राहू दे, रिकामी लिंकेजसुद्धा (अवजार जोडायच्या मागच्या दांड्या) वर येत नाही. काय बघू? लवकर सांगा.

वाळवेकर
त्यात पण हवा असंल.

यंत्रवेडा_कराड
पंप गेला. बदला.

शिवारातली
थांबा सगळे. सावळजकर, तेलाची पातळी बघितली का? गेज काडीवर तेल दुधासारखं पांढरट दिसतंय का? पावसाचं पाणी गिअर लिव्हरच्या रबरातून आत उतरलं असेल तर आधी सगळं तेल सोडून सक्शनची जाळी काढून धुवा, पंपाचं नंतर बघू. आणि टाकी धुतलीत तेव्हा हायड्रॉलिकचा कुठला पाईप काढला होता का, मिस्त्रीनं तिथं पण काही बसवलंय का, ते आत्ताच सांगा.

बागायतदार_सावळज
तेल पांढरट आहे. पाईप काढलेला नाही. मिस्त्रीला विचारून सांगतो.