एलाच्या साँगबुकांना ‘पाठ्यपुस्तक’ म्हणणाऱ्यांसाठी

खर्जातला कावळा

परवा ‘या आठवड्यात काय ऐकलंत’ धाग्यावर तिन्हीसांज यांनी एक वाक्य टाकलं आणि निघून गेल्या. एला फिट्झजेरल्ड या अमेरिकन गायिकेची साँगबुक्स (एकेका संगीतकाराची, बरीचशी नाटकांतली गाणी गायलेले रेकॉर्ड-संच) म्हणजे शाळेची पाठ्यपुस्तकं, आठ संगीतकार आणि एकच इस्त्री, त्यात धड जॅझ नाही की धड नाटक नाही. त्यावर चौदा अंगठे! तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

१९५६ साली निर्माता नॉर्मन ग्रान्झने व्हर्व्ह ही रेकॉर्ड कंपनी काढली ती मुख्यतः एलासाठी, आणि तिच्याकडून पहिलं मोठं काम करून घेतलं ते संगीतकार कोल पोर्टरचं. दोन तबकड्या, बत्तीस गाणी. तोवर बाई क्लबांमधून बीबॉप (चाल मोडून-वाकवून गायचं वेगवान जॅझ) गात होत्या, आणि गाण्यात त्यापलीकडे काही नाही अशी त्यांची स्वतःचीच समजूत झाली होती. पोर्टरने आयुष्याला वळण दिलं, हे नंतर त्याच सांगत. पुढे १९६४पर्यंत रॉजर्स-हार्ट, एलिंग्टन, बर्लिन, गर्श्विन बंधू, आर्लेन, कर्न, मर्सर.

आता इस्त्री. ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ घ्या. त्यात मेजरचं मायनर होतं, किती विचित्र, अशा अर्थाची ओळ आहे आणि ‘मायनर’ शब्दाला खालचा कॉर्ड (साथीत एकत्र वाजणारे सूर) खरोखर मेजरचा मायनर होतो. पोर्टरने केलेली खोडी आहे ती. दुसरा गायक असता तर तिथे डोळा मारला असता, निदान एक उसासा टाकला असता. एला काहीच करत नाही. शब्द जागेवर ठेवते आणि बाजूला होते, त्यामुळे कॉर्ड ऐकू येतो. याला इस्त्री म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि एकाच माणसाची गाणी ओळीने ऐकल्याशिवाय त्याच्या खोडी कळत नाहीत. पोर्टर यादी करायला बसला की थांबत नाही. आर्लेनची चाल कुठे वळेल याचा नेम नाही. सुटी सुटी गाणी ऐकून हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं.

तिन्हीसांज

निघून गेले नव्हते, कुकर लावायला गेले होते. आल्यावर बघते तर माझ्या एका वाक्यावर निबंध.

कावळेबुवा, एलाच्या गळ्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. माझं भांडण त्या सामानाशी आहे. गर्श्विनचा संच १९५९चा, त्रेपन्न गाणी, पाच तबकड्या, नेल्सन रिडलचा ऑर्केस्ट्रा. एका बैठकीत किती पचतं? तिसऱ्या तबकडीला मला लग्नाच्या जेवणातल्या चौथ्या जिलबीसारखं होतं. वाईट काहीच नाही, पण नको.

आणि हीच एला, हाच गर्श्विन, १९५० सालचा ऐका. सोबत फक्त एलिस लार्किन्सचा पियानो, गाणी आठ. तिथे ती श्वास कुठे घेते तेसुद्धा ऐकू येतं. नऊ वर्षांनी तिच्यामागे व्हायोलिनं उभी केली आणि त्याला म्हणायचं स्मारक.

नाटकाचं म्हणाल तर ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ १९३७च्या ‘बेब्ज इन आर्म्स’मधलं. तिथे एक मुलगी व्हॅलेंटाइन नावाच्याच मुलाला चिडवत, त्याची रेवडी उडवत गाते. तो विनोद गेला आणि मागे उरली चौदा फेब्रुवारीची शुभेच्छापत्रं.

खर्जातला कावळा

लार्किन्सबद्दल मान्य. (हे लिहिताना दात खाल्ले आहेत.)

बाकी नाही. रेवडीचा विनोद एलाने घालवला? ट्रंपेटवाल्या चेट बेकरपासून बहुतेकांनी सुरुवातीचा व्हर्स (मुखड्याआधीचा प्रास्ताविक भाग) कापला. चेष्टेची बरीच भाषा त्या व्हर्समध्ये आहे आणि एला तो गाते! नाटकातलं जे काही रेकॉर्डवर नेता येतं ते तिनेच नेलं.

शिवाय गर्श्विनचं ‘द मॅन आय लव्ह’ १९२४मध्ये ‘लेडी, बी गुड’साठी केलं आणि नाटक न्यूयॉर्कला पोचण्याआधीच काढून टाकलं. आता सांगा, त्या गाण्याचा नाट्यसंदर्भ कुठून आणू? कचऱ्याच्या टोपलीतून?

न्यूजर्सीची माहेरवाशीण

२०११मध्ये ब्रॉडवेवर पोर्टरचं ‘एनीथिंग गोज’ हे नाटक नव्याने आलं होतं तेव्हा पाहिलं. तिकीट नवऱ्याच्या ऑफिसातल्या कोणाला तरी नको होतं म्हणून मिळालं, नाहीतर आम्ही कुठले. पडदा वर जातो न जातो तोच नायिका रीनो बारमध्ये नायक बिलीला ‘आय गेट अ किक आउट ऑफ यू’ ऐकवते. याला तिच्यात काडीचा रस नाही हे तिला माहीत आहे, तरी ती सांगून मोकळी होते. एलाच्या रेकॉर्डवर मला ते आयुष्यभर शँपेनचं आनंदी गाणं वाटत होतं. तिथे चक्क डोळ्यात पाणी आलं. शेजारचा माणूस पॉपकॉर्न खात होता.

म्हणून माझं मत तिन्हीसांजला. पण घरी येऊन लावली ती एलाच, हेही खरं.

पेटीमास्तर

तुम्ही सगळे शिकलेले लोक पण गावातलं सोडून न्यूयॉर्कला वाद घालताय. हे सगळं आपल्याकडे होऊन गेलंय. पद नाटकातून उचलायचं आणि मैफलीत मांडायचं, नाट्यसंगीत म्हणजे दुसरं काय? ‘नाथ हा माझा’ म्हणणारी रुक्मिणी आज कोणाला आठवते? गाणाऱ्याने भैरवीआधी एक पद घेतलं नाही तर लोक चपला शोधत नाहीत. पस्तीस वर्षं पेटीवर बसलोय. प्रसंग काय, कोण कोणाला म्हणतंय, हे एकाही गायकाने मला सांगितलेलं नाही. पट्टी सांगतात आणि सुरू करतात. आणि कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ केलं ते साँगबुक नाही तर काय होतं?

तिन्हीसांज

नव्हतं, मास्तर. बालगंधर्व गाणारे, चाली दुसऱ्यांच्या. ‘स्वयंवर’ १९१६, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ‘मानापमान’ १९११, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. कुमारांनी एका गायकाचं गाणं उमजून घेतलं. एका संगीतकाराचं घ्यायचं तर टेंब्यांचं साँगबुक काढा आणि त्यावर नाव टेंब्यांचं मोठं छापा. कोणी काढलंय? दाखवा.

पेटीमास्तर

आणि पदं कोणाची? खाडिलकरांची! त्यांचं नाव तुम्हीही घेतलं नाहीत, ताई. हेच ते. नाटककाराने रात्री जागून पद लिहायचं, आपण ‘बालगंधर्वांचं गाणं’ म्हणून टाळ्या पिटायच्या. एका संगीतप्रेमी मंडळाने दोन तास नाट्यपदांचा कार्यक्रम ठेवला होता, निवेदकाने एकाही कवीचं नाव घेतलं नाही. पेटीवाल्याचंही नाही, पण ते जाऊ दे.

म्हापशेकार

मास्तरांच्या बाजूने एक. या आठांमध्ये शेवटचा, जॉनी मर्सर, एकटाच गीतकार म्हणून घेतलेला. पोर्टर आणि बर्लिन शब्द, चाल दोन्ही करत, एलिंग्टनचं खातं वेगळं. रॉजर्सच्या शेजारी हार्टला तरी जागा मिळाली, जॉर्जच्या शेजारी आयराला मिळाली. पण आर्लेनच्या संचावर टेड कोहलर, यिप हारबर्ग यांची नावं आत, बारीक अक्षरात. कर्नच्या वेळीही तेच. म्हणजे ‘एकाच माणसाची गाणी’ ही मुळात अर्धी थापच.

माझे आजोबा (आईचे वडील, आम्ही शापाय म्हणायचो) मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. निळ्या शाईतली नोटेशन्स, कोपऱ्यात सोलकढीचा डाग. ‘स्टॉर्मी वेदर’ आहे, ‘नाइट अँड डे’ आहे. वर गाण्याचं नाव आणि खाली पेन्सिलीने ‘हळू, म्हातारे नाचतायत’. शब्द नाहीत, संगीतकार नाही, नाटकाचं नाव तर नाहीच. ती रंगमंचावरची गाणी आहेत हे शापायना मरेपर्यंत माहीत नव्हतं असं आई सांगते. तरी ‘स्टॉर्मी वेदर’ वाजवताना ते आजीकडे बघायचे नाहीत, कारण ती रडायची. संदर्भ संदर्भ काय करताय, संदर्भ आमच्या घरात होता.

कोरडे पाषाण

वा. आता आजी आली, आता धाग्यात पाणी.

जॅझ आहे की नाही याचा निकाल लावून देतो आणि झोपतो. पहिल्याच ग्रॅमीला एलाला दोन बक्षिसं मिळाली. बर्लिनच्या साँगबुकाला उत्कृष्ट गायिकेचं, एलिंग्टनच्या साँगबुकाला जॅझचं. एकच बाई, एकच समारंभ, दोन खण. ज्यांनी बक्षिसं दिली त्यांनाच ठरवता आलं नाही, तुम्ही कसले ठरवताय? माझ्या मते आठातलं जॅझ एकच, एलिंग्टनचं, कारण तिथे म्हातारा स्वतःचा बँड घेऊन आला होता आणि उरलेल्या गाण्यांना सॅक्सोफोनवर बेन वेब्स्टर होता. बाकी सात म्हणजे उत्तम शिवलेले ब्लाऊज. आणि गर्श्विन ऐकायचाच तर जॅझ गायिका बिली हॉलिडेचं १९३६चं ‘समरटाइम’ ऐका. तीन मिनिटांत काम तमाम.

खर्जातला कावळा

झाला बिलीचा प्रवेश. मी पैज लावली होती की विसाव्या प्रतिसादाच्या आत कोणीतरी बिलीला आणणार. बिली ज्यांना आवडते त्यांना ती आवडण्यासाठी एलाला हाणावं का लागतं? १९६०ला बर्लिन शहरातल्या मैफलीत हीच बाई ‘मॅक द नाइफ’चे शब्द विसरली आणि ओळीच्या ओळी जागेवर रचून गायली. म्हणजे मोडता येत नव्हतं म्हणून ती सरळ गात नव्हती. साँगबुकात मोडायचं नाही हे तिने ठरवलेलं होतं, आणि मुळाला हात लावायचा नाही हेही गाणंच आहे.

तिन्हीसांज

मुळाची एवढी काळजी, तर जेरोम कर्नला विचारा. १९२४ला ‘सिटिंग प्रिटी’ या नाटकाची गाणी त्याने रेकॉर्डवर, रेडिओवर, कॅबरेत कुठेच वाजू दिली नाहीत, कारण नाचाचे बँड चालींची वाट लावतात म्हणून. आणि १९६३ला त्याचंच साँगबुक!

खर्जातला कावळा

१९४५ला गेला तो. आणि त्याची तक्रार नक्की कोणाबद्दल होती? चाली मोडणाऱ्यांबद्दल. म्हणजे तुमच्या त्या खऱ्या जॅझवाल्यांबद्दलच, ताई. सगळ्यांत सरळ गाणारी एलाच त्याला चालली असती.

तिन्हीसांज

‘ताई’ म्हणताना दात दिसतायत. रिडलच्या व्हायोलिनांसकट चालली असती का, हे सांगा आधी.

खर्जातला कावळा

व्हायोलिनं त्याच्या स्वतःच्या नाटकांच्या ऑर्केस्ट्रात होती! थिएटरच्या खड्ड्यात काय ढोल-ताशे बसवत होते?

कोरडे पाषाण

झोपलो नाही. मजा येतेय.

एक राहिलं. कल्पना ग्रान्झची नव्हे. ली वायली या गायिकेने १९३९ला गर्श्विनची आठ गाणी एका संचात केली, मग पोर्टर, रॉजर्स-हार्ट, आर्लेन. लहानसा बँड, व्हायोलिनं नाहीत. ग्रान्झने फक्त वजन वाढवलं. हे मी तिन्हीसांजच्या बाजूने बोललो असं कोणी समजू नये.

पेटीमास्तर

खाडिलकरांबद्दल कोणीच काही बोललं नाही.

न्यूजर्सीची माहेरवाशीण

मास्तर, तुमच्यासाठी एक. हा अर्व्हिंग बर्लिन पियानो फक्त फा-शार्पमध्ये वाजवायचा, बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच. दुसरी पट्टी हवी असली की पियानोला बसवलेला दांडा सरकवायचा, सूर आपोआप बदलायचे.

पेटीमास्तर

म्हणजे काळी तीन! अहो, मग तो आपलाच माणूस. स्केलचेंजर पेटी हीच. आमच्याकडे याला ‘येत नाही’ म्हणतात, तिकडे त्याची साँगबुक्स निघतात.

खर्जातला कावळा

धागा एलाचा आहे. साँगबुकांचा आहे. स्केलचेंजरचा नाही, खाडिलकरांचाही नाही. वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन पहिला प्रतिसाद देईन. मी चार परिच्छेद त्या एका कॉर्डसाठी लिहिले आणि त्यावर एकाही माणसाने तोंड उघडलेलं नाही.

म्हापशेकार

शापायच्या वहीत बघितलं, ‘एव्हरी टाइम वी से गुडबाय’ आहे. त्या ओळीवर कॉर्ड लिहिलाय आणि त्याभोवती पेन्सिलीने गोल केलाय. शब्द नाहीत, तरी गोल आहे.

तिन्हीसांज

हे मात्र छान सांगितलंत. कावळेबुवा, त्या कॉर्डपुरतं मागे घेते. पाच तबकड्यांबद्दल नाही. लार्किन्स तो लार्किन्स.

पेटीमास्तर

कावळेसाहेब रागावले म्हणून रात्री बारा वाजता ते गाणं लावलं आणि पेटी काढली. मंडळींनी दार लावून घेतलं. सहा वेळा ऐकलं. बाई सूर सोडत नाहीत, साथीतला शुद्ध धैवत तेवढा कोमल होतो. एवढंच आहे. पण जागा अशी धरलीये की मीही भात्यावरचा हात थांबवला.

बाकीचे मुद्दे मी मागे घेत नाही.

कोरडे पाषाण

पट्टी कुठली धरली होतीत?

पेटीमास्तर

रेकॉर्डची होती ती. काळी तीन तुमच्या त्या बर्लिनला राहू दे.