लग्नाच्या फोटोचे 'वापर हक्क' घरच्याच लोकायले विकायचे?

घाटंजीचा स्टुडिओ
फोटोग्राफर मंडळीत एक पोस्ट फिरून राहिली, बऱ्याच जणांनी पुढं पण ढकलली. म्हणणं असं की फोटोचा मालक फोटोग्राफर, ग्राहकाले आपण फक्त अल्बम विकला, आता तेच फोटो त्याले स्टेटसले, इन्स्टाले टाकायचे असन तर 'डिजिटल वापर पॅकेज' म्हणून वेगळे पैसे लावा. डोकं फिरलं वाचून, म्हणून सविस्तर लिहितो.

भाऊ, हे अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहून आणलेलं आहे. तिकडं सहसा फोटो काढणाऱ्याकडंच कॉपीराइट राहते, म्हणून ते लायसन्स विकतात. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा चालते, त्याचं कलम १७ पाहा. मोबदला ठरवून, कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि उलट करार केला नसन, तर पहिला मालक तो सांगणारा, आपण नाही. व्हिडिओलेही तेच लागू. पोरीच्या बापानं इसार देऊन बोलावलं, तुम्ही पावतीवर तारीख अन् रक्कम लिहिली, बस. फोटो त्याचे झाले. त्याच्याच मालाचे त्याच्याकडून दुसऱ्यांदा पैसे कायचे मागता?

मागायचेच तर ज्याचा धंदा त्या फोटोवर चालते त्याले मागा. लॉनवाला, बिछायत केंद्र, पार्लर, शेरवानी भाड्यानं देणारा, हे सगळे 'भाऊ चार चांगले पाठवा ना' म्हणून फुकटात नेतात अन् वर्षभर त्याच्यावर फ्लेक्स छापतात. तिथं रेट लावा, आणि तेही घरच्यांची लेखी परवानगी घेऊन.

यवतमाळ कॅन्डिड
कलम अर्धंच वाचलं काय? 'उलट करार नसेल तर' हे तुम्हीच लिहिलं. मग करार करा ना! मी करतो. इसार घेतानाच सही घेतो की मालकी माझी, घरगुती वापर फ्री, बाकीचा वापर विचारून. यात चोरी कायची?

आणि पैसे मागायची वेळ काहून आली ते पण सांगा. रोलचा जमाना होता तेव्हा निगेटिव्ह आपल्या कपाटात राहे. मावशीले कॉपी पाहिजे, मामाले पाहिजे, साक्षगंधाचा मोठा फोटो फ्रेम करून पाहिजे, सगळे दुकानात येत. माझ्या वडिलांनी त्या कॉप्यांवर घर बांधलं. आता पेनड्राईव्ह दिला की संपलं, कोणी वापस येत नाही. कॅमेरा, लेन्स, गिंबल (कॅमेरा हलू न देणारा स्टँड), व्हिडिओ मिक्सिंगवाल्याचे पैसे सगळं वाढलं अन् कमाईचा एक अख्खा भाग गेला. तो कुठून काढायचा ते सांगा, मग कायदा शिकवा.

घाटंजीचा स्टुडिओ
तो शूटच्या रेटमधून काढायचा! कॉपीचे पैसे गेले तर पेनड्राईव्हची किंमत पॅकेजमध्येच धरा, ग्राहकाले एक आकडा सांगा. तुमचा करार इसाराच्या आधी होते, ठीक आहे, त्याले माझा विरोध नाही. ती पोस्ट सांगते लग्न झाल्यावर अल्बम देताना मागा. तेव्हा सही नाही, करार नाही, कायच्या जोरावर? नंतर हक्क लिहून घ्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखी अन् सही पाहिजे, मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरतात. इंग्लंडचंही पाहा, १९८८ च्या कायद्यात कॉपीराइट फोटोवाल्याचा, पण घरगुती कामासाठी काढून घेतलेला फोटो ग्राहकाच्या मर्जीशिवाय लोकात आणता येत नाही.

दिग्रसचा जुना फोटोवाला
तुम्ही हक्क हक्क करून रायले, इथं मूळ रक्कमच भेटून नाई रायली! उन्हाळ्यात लग्न मारा अन् पैसे कवा? तं कापूस विकल्यावर. कापूस निघाला तं म्हणते भाव नाई, घरात भरून ठेवला. तूर निघाली तं म्हणते बँकेचं भरलं. अल्बम दुकानात धूळ खाते, चाळीस शीटचा, छपाईचे पैसे म्या लॅबले रोख देल्ले. असा अल्बम कोणाले विकू, दुसऱ्याच्या नवरीचा? मले सांगा, पैसे देल्ले नाई तं तो मालक कसा?

आर्णी रोड व्हिडिओ
+१ काका. माह्याकडं तं लेकरू झालं, बारसं झालं, बारशाचीही ऑर्डर मलेच देल्ली, अन् लग्नाची बाकी तशीच हाय.

कापूसवाला
मी फोटोग्राफर नाही, शेतकरी आहे, पोस्ट दिसली म्हणून वाचली. उधारीचं असं बोलता जसं आम्ही मजेत बुडवतो. बियाणं उधार, खत उधार, लग्न उधार, सगळ्यायले माहीत आहे पैसा कवा येते. खरेदी केंद्रावर माल घातला तरी खात्यात पैसे यायले वेळ लागते. माझ्या बहिणीच्या लग्नात फोटोवाल्यानं बाकीसाठी भर मांडवात, पाहुण्यांसमोर माझ्या बापाले अडवलं. ते विसरत नाही माणूस. तुमचा पैसा खरा, पण बापाची इज्जत पण खरी.

दिग्रसचा जुना फोटोवाला
मांडवात मागणारा मी नाई. मी घरी जाऊन मागतो, अन् वापस येतो रिकाम्या हातानं. पण तुम्ही डीजेवाल्याले मांडवातच नगदी देता, तो वाजवणंच बंद करते म्हणून. फोटोवाला गरीब, त्याले थांबवा.

यवतमाळ कॅन्डिड
काका, राग मानू नका, पण हे तुम्हीच लोकांनी केलं. आठ हजारात लग्न, त्यात व्हिडिओ फ्री, इसार पण नाही. रेट तुम्ही पाडायचा अन् आम्ही भोगायचा.

दिग्रसचा जुना फोटोवाला
तुमच्या बापानं ज्या कपाटात निगेटिव्ह ठेवले त्या कपाटाच्या काळात म्या सायकलवर फ्लॅश बांधून खेड्यायनी लग्नं केले. मले रेट शिकवू नका. गावात आठ हजारच हाय, यवतमाळच्या लॉनवरचे आकडे इथं कोण देते?

घाटंजीचा स्टुडिओ
भांडू नका राजेहो. काका, बाकी आहे म्हणून फोटो आपले होत नाही. मोबदला ठरला, काम झालं, तर बाकी ही वसुली आहे, मालकी नाही. म्हणून अल्बम छापायच्या आधी अर्धे घ्या. फोटो अडवून ठेवून दबाव टाकायचा, इन्स्टाले टाकीन म्हणून धमकी द्यायची, हे मी होताना पाह्यलं आहे. ते चूकच.

दर्यापूरची सून
धमकीवरून आठवलं म्हणून लिहिते. माझ्या हळदीचा फोटो पार्लरवालीनं फ्लेक्सवर लावला, एसटी स्टँडच्या समोर. केस ओले, पिवळं तोंड, हातभर हळद, शेजारी 'ब्रायडल पॅकेज' अन् मोबाईल नंबर. माझ्या सासऱ्यांना बसमधून दिसला. घरी जे बोलणं झालं ते लिहीत नाही. पार्लरवाली म्हणे फोटोवाल्यानं दिला, फोटोवाला म्हणे घरच्यांना विचारलं होतं. कोणाला? माझ्या काकांना, लग्नाच्या दिवशी, फोनवर! इथं सगळे मालक कोण त्यावर भांडून राहिले, फोटोत जी आहे तिला कोणीच मोजत नाही.

यवतमाळ कॅन्डिड
ताई, हे चूकच झालं. पण माझ्या करारात हे बसते, धंद्याचा वापर असन तर विचारून.

दर्यापूरची सून
कोणाला विचारून? करारावर सही कोणाची?

यवतमाळ कॅन्डिड
ऑर्डर देणाऱ्याची. म्हणजे वडिलांची, नाही तर भावाची.

घाटंजीचा स्टुडिओ
ताईंचा मुद्दा कायद्याच्याही पुढं जाते. कलम १७ सुद्धा ऑर्डर देणाऱ्यालेच मालक धरते. बापानं हो म्हटलं तर कागदावर बरोबर, पण फ्लेक्सवर पोरीचा चेहरा. आणि आपल्याकडं नवरीकडचा फोटोवाला वेगळा, नवरदेवाकडचा वेगळा, मग सासरच्या फोटोवाल्याच्या पावतीवर नवरीचं नावच नसते. मी यापुढं पावतीत दुसरी सही ठेवतो, नवरीची अन् नवरदेवाची, दुकानदारांले फोटो द्यायचे की नाही एवढ्यापुरती.

यवतमाळ कॅन्डिड
ठेवा. मी पण ठेवीन. पण नवरीले नको असन तर त्या फोटोचे लॉनवाल्याकडून मिळणारे पैसे पण गेले, हे धरून रेट लावा. आणि कलम ५७ विसरू नका, मालक कोणीही असो, फोटो कोणी काढला हे सांगायचा हक्क काढणाऱ्याचाच. नाव कापून टाकणाऱ्यायले ते सांगत जा.

घाटंजीचा स्टुडिओ
हे मान्य. नावाचं तुमचं बरोबर आहे.

दिग्रसचा जुना फोटोवाला
दुसरी सही ठीक. पण नवरी सही कवा करन? इसाराच्या दिवशी ती समोर येतच नाई, बापच येते.

दर्यापूरची सून
मग तिला फोन लावा काका. नंबर असतो सगळ्यांकडे.