दिवाळीच्या सुट्टीत खाण्यासाठी पेनांग की दा नांग?

धरमपेठकर:
सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी, अकरावीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई असे चौघे आठवडाभर परदेशी जाण्याच्या विचारात आहोत. समुद्रकाठचे शहर आणि तिथले खाणे हाच प्रवासाचा हेतू असल्याने मलेशियाच्या पेनांग बेटावरचे जॉर्ज टाउन आणि व्हिएतनाममधील दा नांग ही दोनच नावे यादीत उरली आहेत. मुलाला आणि मला काहीही वर्ज्य नाही; सावजीच्या तर्रीवर पोसलेल्या माणसांना तिखटाचे भय ते काय! पत्नी मासे खाते, मटण खात नाही. आई पूर्ण शाकाहारी असून, ज्या कढईत मासे परतले तिच्यातले अन्नही तिला चालत नाही. सहल कंपनीचे गृहस्थ दोन्हीकडे ‘सगळे मिळते’ एवढेच सांगतात, त्यावरून काहीही ठरवता येत नाही. दोन्ही शहरे पाहिलेल्यांनी आपले मत द्यावे.

महालवासी:
दिवाळीतच जायचे असेल, तर माझे मत निःसंशय पेनांगला आहे आणि त्याचे पहिले कारण खाणे नसून पाऊस हे आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे दा नांगचे सर्वाधिक पावसाचे महिने असून वादळेही याच सुमारास किनाऱ्यावर येतात. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस थू बोन नदीचे पाणी दा नांगजवळच्या होई आन या जुन्या गावाच्या वस्तीत शिरले होते, आणि होई आन वगळून दा नांगला जाण्यात अर्थ नाही. पाऊस त्या दिवसांत पेनांगलाही असतो, परंतु तो बहुधा दुपारनंतर तास-दोन तास कोसळून थांबतो आणि संध्याकाळी खाण्याच्या गाड्या पुन्हा लागतात.

खाण्याविषयी म्हणाल, तर आपल्याला आणि चिरंजीवांना नासी कांदार पुरेसे आहे. तमिळ मुसलमानांनी रुजवलेल्या या पदार्थात भातावर मटण, कोंबडी, मासे, भेंडी यांचे तीन-चार निरनिराळे रस्से एकत्र ओततात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो गोंधळ वाटतो, पण खरी चव त्या मिसळण्यातच आहे. 1907 पासून चालू असलेले हमीदिया हे त्यातले जुने नाव. वहिनींनी आसाम लाक्सा घ्यावा. तो बांगड्याचा चिंचेतला आंबट रस्सा असून वर अननस, काकडी आणि पुदिना असतो.

वर्धा रोड:
महालवासींचा पावसाचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यावरून दा नांगचे खाणे दुय्यम ठरत नाही. तिथला ‘मी क्वांग’ हा पदार्थच घ्या: हळदीने पिवळसर केलेल्या तांदळाच्या रुंद पट्ट्या, तळाशी जेमतेम बुडतील एवढाच दाट रस्सा, वर कोळंबी किंवा मांस, भाजलेले शेंगदाणे, बाजूला ताज्या पाल्याची टोपली, आणि हाताने चुरून टाकायचा तिळाचा कुरकुरीत पापड. पेनांगच्या तेलकट ‘चार क्वे त्याव’नंतर, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या पट्ट्यांनंतर, हे खाल्ले की पोटाला विसावा मिळतो. शिवाय दा नांगच्या ‘मी खे’ किनाऱ्यासारखा पोहण्याजोगा समुद्र जॉर्ज टाउनला नाही. हा प्रवास एप्रिल-मे महिन्यांत करता आला, तर मी डोळे मिटून दा नांग सुचवेन. तेव्हा तिथे पाऊस फारसा नसतो आणि तिथल्या उकाड्याचे नागपूरकराला अप्रूप नाही.

धरमपेठकर:
दोघांचेही आभार. मुलाचे पुढचे वर्ष बारावीचे असल्याने उन्हाळ्यावर ढकलणे शक्य नाही. आता प्रश्न उरतो तो आईचा.

त्रिमूर्तीनगर (गृहिणी):
भाऊ, मी माझ्या सासूबाईंना दोन्हीकडे नेले आहे, म्हणून लिहिते. दा नांगला ‘चाय’ (व्हिएतनामी भाषेत शाकाहारी) अशी पाटी असलेली उपाहारगृहे आहेत आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बौद्ध मंडळी मांसाहार टाळत असल्याने तिथे गर्दीही असते. मात्र सोयाबीनचे बनवलेले ‘मांस’ ताटात आले की आपल्या वडीलधाऱ्यांचा घास अडतो. इतर दुकानांत माशांचा खारा अर्क जवळजवळ सर्वत्र पडतो, भाजीवरसुद्धा.

पेनांगच्या लिटल इंडियात, म्हणजे 1833 सालच्या महामरिअम्मन मंदिराच्या आसपास, केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि दोन भाज्या वाढणारी निव्वळ शाकाहारी तमिळ खानावळ सापडते, आणि तिथे आईंना काही समजावून सांगावे लागणार नाही. दिवाळी ही मलेशियात सार्वजनिक सुट्टी असल्याने तो भाग तेव्हा रोषणाईने सजलेला असतो. ऐन सणाच्या दिवशी मात्र काही तमिळ दुकाने बंद राहतील, त्या दिवसाची सोय आदल्या संध्याकाळीच करून ठेवावी. गाड्यांवरची साधी दिसणारी पालेभाजीही आईंसाठी घेऊ नका, कारण तिच्यात बेलाचान, म्हणजे सुक्या कोळंबीचा लगदा, असण्याची शक्यता फार. ‘चार क्वे त्याव’ तर परंपरेने डुकराच्या चरबीत परततात, हे मुलाच्याही कानावर घाला.

व्हिसाचे म्हणाल, तर 30 दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी मलेशियाने भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे, परंतु पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत चौघांचेही आगमनाचे अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. चेन्नईहून पेनांगला थेट विमान आहे. आईंना क्वालालंपूरला विमान बदलायला लावण्यापेक्षा आदल्या दिवशी चेन्नई गाठून तिथे मुक्काम केलेला बरा.