एडिनबरा: चार रात्री, किल्लेवेडा मुलगा आणि सासूबाईंचे गुडघे (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं प्रवासाचे धागे नुसते वाचत आले, आज पहिल्यांदाच स्वतः काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

जूनमध्ये आम्ही पुण्याहून दिरांकडे रेडिंगला जातोय. त्यातल्या चार रात्री (९ ते १३ जून २०२६, मंगळवार ते शनिवार) एडिनबऱ्यासाठी ठेवल्या आहेत. मंडळी अशी: मी, नवरा, मुलगा वय ९, मुलगी वय ४ आणि सासूबाई वय ७१. सासूबाई सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालतात, पण जिना दिसला की चेहरा पडतो. मुलगा पक्का किल्लेवेडा. सिंहगड चार वेळा, राजगड एकदा, आणि दिवाळीचा किल्ला करायला त्याला सप्टेंबरपासूनच माती लागते. लेकीला पांडा बघायचाय. नवऱ्याला काहीही चालतं, म्हणजे आयत्या वेळी काहीच चालत नाही.

मी केलेला बेत असा:
मंगळवार – लंडनहून रेल्वेने दुपारी पोचणे, संध्याकाळी बाजारात फेरफटका.
बुधवार – किल्ला, रॉयल माइल, जमिनीखालची मेरी किंग्ज क्लोज, हॉलीरूड राजवाडा, जमलं तर आर्थर्स सीटची टेकडी.
गुरुवार – बसच्या सहलीने लॉख नेस (राक्षसाच्या दंतकथेचं ते तळं).
शुक्रवार – प्राणिसंग्रहालय, म्युझियम, राजघराण्याचं जुनं जहाज ब्रिटानिया, फोर्थचा पूल.
शनिवार – परत.

राहायला रॉयल माइलपासून नकाशावर जेमतेम दोनशे मीटरवर एक फ्लॅट बघून ठेवलाय, तो अजून रद्द करता येतो. प्रश्न दोनच: एवढं सगळं होईल का? आणि सासूबाईंच्या जेवणाचं काय? त्या शुद्ध शाकाहारी आहेत, त्यात अधिक ज्येष्ठ चालू असणार, म्हणजे नेम आणि उपासही आलेच.

प्रतिसाद – लीड्सकर
ताई, बेत वाचूनच माझे पाय दुखले. आईबाबांना घेऊन तीनदा जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट नकाशाची. एडिनबरा हे दुमजली गाव आहे. किल्ल्यापासून राजवाड्यापर्यंत डोंगराची एक सोंड उतरत जाते, तिच्या माथ्यावर रॉयल माइल, आणि दोन्ही बाजूंना दऱ्या. उत्तरेच्या दरीत पूर्वी तळं होतं. ते उपसून तिथे बाग झाली आणि वेव्हर्ली स्टेशन आलं. दक्षिणेच्या दरीत काउगेट नावाचा रस्ता आहे आणि त्याच्या डोक्यावरून पूल जातात. साउथ ब्रिजला एकोणीस कमानी आहेत, पण दिसते एकच, बाकीच्या इमारतींनी गिळल्या. त्यामुळे नकाशावर दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, प्रत्यक्षात एक तुमच्या पायाखाली तीन मजले असतो. मी पहिल्या खेपेला बॅगा घेऊन काउगेटमध्ये उभा होतो आणि फोन सांगत होता, “तुम्ही पोचलात.” हॉटेल वर होतं. आईने तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तुमचे ते “दोनशे मीटर” म्हणजे बहुतेक क्लोज असणार, म्हणजे दोन इमारतींमधला अरुंद बोळ. हे बोळ बऱ्याचदा पायऱ्यांचेच असतात. शिवाय जुन्या गावातल्या इमारती उंच आणि लिफ्ट क्वचित. फ्लॅटच्या मालकाला आजच दोन प्रश्न विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि दारापासून खोलीपर्यंत किती. “लिफ्ट आहे का” एवढंच विचारलंत तर अर्धंच उत्तर मिळेल.

माझा सल्ला: हेमार्केट स्टेशनच्या आसपास राहा. तो भाग बराच सपाट आहे, ट्राम दाराशी येते, बागेपर्यंत दोन-तीन थांबे.

बुधवारी टॅक्सीने थेट किल्ल्यापर्यंत जा आणि मग फक्त उतारानेच चाला. तिकीट वेळेसकट आधी ऑनलाइन काढा, दारावर महाग पडतं. आत दगडी चढ आहे, पण ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी किल्ल्याची छोटी गाडी वरच्या चौकापर्यंत सोडते. दारावरच्या कर्मचाऱ्यांना विचारायला लाजू नका. दुपारी एकला तोफ उडते (रविवारी नाही), तोवर थांबा. लेकीच्या कानावर मात्र आधीच हात ठेवा. १८६१ पासूनची प्रथा आहे. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून सुरू झाली, कारण कॅल्टन हिल टेकडीवरचा, वेळ दाखवायला ठरल्या क्षणी खाली पडणारा गोळा धुक्यात दिसत नसे. बाराला न उडवता एकला का, तर बारा बार काढण्यापेक्षा एकात काम भागतं, असा तिथला विनोद आहे. पुणेकरांना समजावून सांगायला नको.

राजवाडा जुलै ते सप्टेंबर सोडून एरवी मंगळवार-बुधवारी बंद असतो, म्हणजे तुमचा बुधवार तसाही फुकट गेला असता. तो गुरुवारी घ्या. मेरी किंग्ज क्लोजमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. आणि पांडा डिसेंबर २०२३ मध्येच चीनला परत गेले. लेकीला आत्ताच सांगा, पेंग्विन आहेत म्हणावं.

लॉख नेस काढून टाका. बाराएक तासांची सहल, त्यातला बहुतेक वेळ बसमध्ये, चार वर्षांचं पोर आणि गुडघे दोन्ही घेऊन. शेवटी दिसतं ते मोठं काळं पाणी. राक्षस माझ्या वेळी रजेवर होता.

प्रतिसाद – गडवाट
किल्लेवेड्या चिरंजीवांसाठी खास. हा किल्ला विझलेल्या ज्वालामुखीच्या घट्ट झालेल्या गाभ्यावर उभा आहे. तीन बाजूंनी सरळ कडा, चौथ्या बाजूनेच वाट. सह्याद्रीतल्या मुलाला हे बघताक्षणी कळेल. १३१४ च्या मार्चमध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात होता. स्कॉटिश सरदार टॉमस रँडॉल्फने तीसेक माणसं घेऊन रात्री उत्तरेचा कडा चढून तो काढला. वाट दाखवणारा विल्यम फ्रान्सिस पूर्वी गडावरच राहायचा आणि रात्री चोरून कडा उतरून गावातल्या मैत्रिणीला भेटायला जायचा, म्हणून त्याला वाट पाठ, असं सांगतात. घोरपड नाही, पण कोंढाण्याचा वास येतोच. खालच्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत उभं करून त्याला कडा दाखवा आणि मग गोष्ट सांगा. क्रम उलटा करू नका.

वर मॉन्स मेग नावाची पंधराव्या शतकातली अजस्र तोफ आहे आणि सेंट मार्गारेटचं चिमुकलं चॅपल, शहरातली सर्वांत जुनी उभी वास्तू. राज्याभिषेकाचा दगड बघायला जाणार असाल तर तो २०२४ पासून पर्थच्या म्युझियममध्ये आहे, इथे शोधत बसू नका.

आर्थर्स सीट २५१ मीटर. बाप-लेकाने संध्याकाळी सहाला निघावं, जूनमध्ये सूर्य मावळायला जवळजवळ दहा वाजतात. वारा मात्र टोपी ठेवत नाही. छत्री पुण्यातच ठेवा, रेनकोट न्या.

प्रतिसाद – धागाकर्ती
बाप रे! बरं झालं विचारलं. पांड्याची बातमी दिली, रडारड झाली, पेंग्विनवर तडजोड आहे. रँडॉल्फची गोष्ट वाचून दाखवली तर चिरंजीवांचा पहिला प्रश्न: “दोर वरून कापला का?” लॉख नेस गेलं. मग शुक्रवारी काय करू?

प्रतिसाद – लीड्सकर
सकाळी बसने साउथ क्वीन्सफेरी. रेल्वेने डालमेनी स्टेशनला उतरलं तर पूल पुढेच राहतो, त्यावरून जाणं होत नाही, आणि तिथून खाली उतरायला खड्या पायऱ्या आहेत, म्हणून बसच. १८९० चा लाल फोर्थ पूल, २०१५ पासून जागतिक वारसा. काठावर बाकावर बसायचं, आइस्क्रीम खायचं आणि वरून जाणाऱ्या गाड्या मोजायच्या. माझे बाबा आयुष्यभर रेल्वेत होते. ते तिथून उठायलाच तयार नव्हते, शेवटी पाऊस आला म्हणून उठले. दुपारी ट्रामने ओशन टर्मिनल, तिथे ब्रिटानिया. जहाजात लिफ्टची सोय आहे, सासूबाई राणीचं दिवाणखान्याचं फर्निचर बघून खूश होतील किंवा नावं ठेवतील, दोन्हींत वेळ छान जातो. प्राणिसंग्रहालय टेकडीच्या उतारावर आहे, ते नवऱ्याने आणि लेकीने करावं.

रेल्वेचं एक: पाच ते पंधरा वयाचं एक मूल सोबत असलं की फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड चालतं. मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट. लेकीला तिकीटच नाही. किंग्ज क्रॉसहून जाताना उजवीकडच्या जागा घ्या, बेरिकच्या पुढे-मागे समुद्र दिसतो.

प्रतिसाद – जुना गिरगावकर
थोडं अवांतर. किल्ल्याच्या दाराशी लाल-पांढरी देखणी घरं दिसतील, रॅम्झी गार्डन. ती पॅट्रिक गेडिस यांच्या खटपटीतून उभी राहिली. शेजारचा कॅमेरा ऑब्स्क्युराचा मनोरा म्हणजे त्यांचा आउटलुक टॉवर. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. गो. स. घुर्ये त्यांच्या वर्गात बसलेले. मनोऱ्यात लिफ्ट नाही, सासूबाईंनी बाहेरूनच नमस्कार करावा.

प्रतिसाद – मेतकूट
जेवणाचं मी सांगते. माझ्याही सासूबाई, माझाही अधिक महिना. राहायची जागा स्वयंपाकघरासकट घ्या, निम्मी चिंता तिथेच मिटते. तांदूळ, डाळ, दही, बटाटे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. भाजणी, मेतकूट, साबुदाणा, दाण्याचं कूट घेऊन जा. घरचं तूप आणि पेढे मात्र नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला तिकडे बंदी आहे. माझी बरणी विमानतळावर गेली आणि तो विषय अजून दर दिवाळीला निघतो.

बाहेर खायला स्कोन आणि शाकाहारी सूप. हॅगिस म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा पदार्थ, पण त्याचा डाळी-ओटचा शाकाहारी अवतारही सर्रास मिळतो. मिरं छान लागतं. विचारून, खात्री करूनच घ्या. सासूबाईंना नाव सांगू नका.

आणि सुट्टे पैसे मिळतील ते स्कॉटिश बँकांच्या नोटांत. त्या पौंडच असतात, पण इंग्लंडमधले काही दुकानदार नाक मुरडतात, तिथेच संपवून या. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर शहराचा पाच टक्के पर्यटक कर लागणार आहे, तुम्ही थोडक्यात वाचलात.

प्रतिसाद – धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मालकाचं उत्तर आलं: बोळातल्या ३८ पायऱ्या, मग जिन्याच्या ६४, लिफ्ट नाही. फ्लॅट रद्द. नवीन बेत असा: बुधवार किल्ला आणि सेंट जाइल्स चर्चपर्यंत उतार, बस्स. गुरुवार सकाळी राजवाडा, दुपारी म्युझियम (फुकट आहे, लिफ्ट आहे, आणि ती क्लोन केलेली डॉली मेंढी बघून लेक पांडा विसरेल अशी आशा). शुक्रवार वर सांगितल्याप्रमाणे.

तुपाचं सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आता एकच अडलंय. हेमार्केटजवळ लिफ्ट आणि स्वयंपाकघर दोन्ही असलेल्या ठिकाणी पाच जण कुणी राहिलंय का? दोन खोल्यांचं असलं तरी चालेल. सासूबाईंची अट एवढीच, की सकाळचा चहा त्या स्वतः करणार.