ट्रंकेतलं पत्र

बी-२०४: मंडळी एक मदत हवीय, गावचं घर पाडायचंय म्हणून आजीची ट्रंक इकडं आणली तर लुगड्याच्या घडीत हे पत्र निघालं. एक अक्षर लागेना. फोटो टाकतोय, घड्यांवर चिरलंय जरा

ए-१०३: आज पाणी कधी सोडणार

सुभेदार काका: शिक्का बघा, सेन्सरचा आहे. पत्ता म्हणून नुसतं एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, आणि नंबर, कुठं आहे ते घरच्यांना पण लिहायचं नाही. साल दिसतंय का?

बी-२०४: १९४४ वाटतंय काका. आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते, इटलीत गेले ते आलेच नाहीत, एवढंच ऐकून आहे

सुभेदार काका: बरोबर, तेव्हा आपल्या बटालियनी तिकडंच. यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस त्याच सालातला, टायबरच्या खोऱ्यातला. आणि आपला सातारा म्हणजे काय, अपशिंगे गावाची तर पहिल्या महायुद्धातच ४६ माणसं गेली, उगीच अपशिंगे मिलिटरी म्हणत नाहीत

डी-४०२ मॅडम: अहो मोडी आहे ही! वरची रेघ आधी मारून घ्यायची आन हात न उचलता लिहीत जायचं, शब्द तोडायचे नाहीत, म्हणून गुंता दिसतोय तुम्हाला. थांबा लावते

डी-४०२ मॅडम: तीर्थरूप मातोश्री यांस शिरसाष्टांग नमस्कार... मनीऑर्डर पोचली का... तांबडी व्याली का, कालवड असल्यास विकू नये... बारक्यास शाळेतून काढू नये

बी-२०४: बारक्या म्हणजे आमचे आजोबा 🙏 फायनल पास होऊन मास्तर झाले

ए-१०३: कालवड झाली का मग

बी-२०४: 😄 कुणाला विचारू आता

डी-४०२ मॅडम: खाली अजून आहे. "बारक्या, येथून पुढे आईस वाचून दाखवू नये." आणि त्याखालच्या तीन ओळी काळ्या केल्यात सेन्सरनं

बी-२०४: म्हणजे पत्र आजोबाच वाचून दाखवायचे?? शाळकरी पोर असतील तेव्हा. आम्हाला कधी बोलले नाहीत

सुभेदार काका: मूळ कागद घेऊन ये गच्चीवर, उन्हाला धरून बघू काय दिसतंय का. आणि लॅमिनेशन करू नको रे बाबा, वाट लागेल त्याची

ए-१०३: पाणी आलं